सिलिकेटविना स्पंज: तिसरी खेप, दिवस 0 ते 14

या खेपेत प्रश्न एकच: पाण्यात सिलिका (वाळू-काचेतलं खनिज) नसेल तर स्पंज, म्हणजे तळाला चिकटून राहणारा साधा जलचर प्राणी, घडतो का, आणि मेल्यावर मागे काय उरतं? जनुकीय घड्याळं (जनुकांतल्या बदलांवरून काढलेले काळाचे अंदाज) स्पंजांचा उगम साधारण 70 कोटी वर्षांपूर्वी नेऊन ठेवतात, पण निर्विवाद काटे (स्पिक्यूल, म्हणजे स्पंजाच्या सांगाड्यातल्या बारीक सुया, बहुतेकांत सिलिकाच्या) खडकात सापडतात ते कँब्रियनच्या सुरुवातीचे, म्हणजे सुमारे 53.5 कोटी वर्षांपूर्वीचे. दक्षिण चीनमधला, 2024 साली जाहीर झालेला हेलिकोलोसेलस हा जीवाश्म स्पंज एडियाकरनच्या, म्हणजे कँब्रियनच्या लगेच आधीच्या काळाच्या, अखेरचा, आणि त्यात खनिज काटे नाहीत. सुरुवातीचे स्पंज बिनकाट्यांचेच होते, या मताला त्याने चांगलं बळ दिलं.

माल: युनापियस कार्टेरी. मुंबईच्या तळ्यांतले गोड्या पाण्याचे स्पंज 1840च्या दशकात तपासणाऱ्या हेन्री कार्टर यांचंच नाव या जातीला आहे. उन्हाळ्यात तळं ओसरलं की काठच्या काटक्यांवर वाळलेला, ठिसूळ पोपडा दिसतो. त्यातले मोहरीपेक्षा बारीक, पिवळट गोल दाणे म्हणजे जेम्यूल, कोरड्या काळात तग धरणारे आणि पाण्यात नवा स्पंज फुटणारे. पोपडा कोरडा चुरू नका. काटे नाकात जातात आणि हाताला खाज सुटते, म्हणून हातमोजे घालून पाण्याखालीच चोळा. जेम्यूलच्या कवचात हवेचे कप्पे असतात, त्यामुळे ते तरंगतात आणि वरून निथळून घेता येतात.

पाणी (1 लिटर डिस्टिल्ड): कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट 147 मिग्रॅ, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट 123, खाण्याचा सोडा 42, पोटॅशियम क्लोराइड 3.7, सोडियम सिलिकेट नॉनाहायड्रेट (सिलिका यातूनच मिळते) 71. 3.7 मिग्रॅ घरच्या वजनकाट्यावर मोजता येत नाही; 3.7 ग्रॅम एका लिटरमध्ये विरघळवा आणि त्यातलं 1 मिली घ्या. सिलिकेट शेवटी, ढवळत, थेंबाथेंबाने. कॅल्शियमच्या दाट द्रावणात थेट ओतलं तर पांढरा गाळ बसतो आणि ती बाटली फुकट जाते. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच 7.5 च्या आसपास आणा. दुसऱ्या संचाला सगळं हेच, फक्त सिलिकेट नाही. हा संच काचेच्या डिशमध्ये ठेवला तर काचेतून थोडी सिलिका पाण्यात उतरते आणि प्रयोगाला अर्थ राहत नाही. डिश, कव्हरस्लिप, साठवणीची बाटली, सगळं प्लास्टिकचं.

दिवस 0: औषधाच्या दुकानातलं 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड 1 भाग, पाणी 5 भाग. जेम्यूल 5 मिनिटं त्यात, मग तीनदा धुणं. हे टाळलं की बुरशी ठरलेली. एका डिशमध्ये चारच, सेंटीमीटरभर अंतराने. एकाच स्पंजाचे जवळ ठेवले तर फुटल्यावर एकमेकांत मिसळून जातात.

दिवस 4: जेम्यूलच्या भोकातून पेशी बाहेर येऊन तळाला पसरलेल्या, कवचाभोवती दुधाळ कडं. या टप्प्यात डिश हलवू नये, नाहीतर ते सुटून येतं. पाणी एक दिवसाआड, निम्मंच बदलायचं.

दिवस 8: सूक्ष्मदर्शकाच्या 40 च्या भिंगाखाली कॉलर पेशींच्या (कशाभिकेभोवती गळपट्टीसारखी कडा असलेल्या पेशींच्या) गोल कोठड्या दिसतात, दोन्ही संचांत. आतली कशाभिकांची (चाबकासारख्या बारीक शेपट्यांची) थरथर पाहायची तर प्रकाश तिरका घ्या. सरळ प्रकाशात सगळं सपाट राखाडी दिसतं. याच पेशींचं कोआनोफ्लॅजेलेट या एकपेशी जिवांशी असलेलं साम्य हेन्री जेम्स-क्लार्क यांनी 1860च्या दशकात टिपलं, आणि प्राण्यांच्या उगमाचा धागा आजही तिथून शोधतात. फरक उंचीत: सिलिकेटच्या डिशमध्ये काटे कातडीला तंबूच्या खांबांसारखा आधार देतात, दुसरीकडे स्पंज धिरड्यासारखा पसरलेला.

दिवस 14: घरगुती ब्लीच, अर्धा तास. मांस विरघळतं, काटे उरतात. इथे फसायला होतं: जेम्यूलच्या जुन्या कवचातही बारीक काटे असतात. मागच्या खेपेत बिनसिलिकेटच्या डिशमध्ये ‘काटे’ मिळाले ते तेच. म्हणून या वेळी ब्लीचआधी कवच सुईने उचलून बाजूला काढलं. सिलिकेटच्या स्लाइडवर सुयांचा खच. दुसरीवर पाण्याचा डाग.

चौथ्या खेपेत सिलिकेट लिटरला 71 ऐवजी 7 मिग्रॅवर ठेवायचंय. जेम्यूलमधला साठा साधारण दोन आठवडेच पुरतो, त्यापुढे खाणं नसेल तर स्पंज आक्रसतो. तेव्हा तुलना चौदाव्या दिवसाच्या आतच.