लिटरला शंभर

थंड असताना पहिल्या दोरीला सुरू होणारं आणि तापलं की नदीच्या मधोमध बंद पडणारं इंजिन समोर आलं, की आमच्या धंद्यात नव्वद टक्के लोक आधी कार्बोरेटर खोलतात. देवबागच्या एका मुलाने आपल्या आजोबांचं ब्रिटिश सीगल, म्हणजे होडीच्या मागे लावायचं जुनं इंग्लिश इंजिन, माझ्याकडे आणलं, तेव्हा त्याच्या कार्बोरेटरच्या स्क्रूंना खाचाच उरल्या नव्हत्या, इतक्या हातांनी तो खोलून झाला होता. एकाने तर फ्लोटची, म्हणजे आतल्या पेट्रोलची उंची ठरवणाऱ्या तरंग्याची, पातळीही बदलून ठेवली होती. पेट्रोल व्यवस्थित येतंय, दोरी मारली की इंजिन धडाधडा चालतंय, मग त्या बिचाऱ्या कार्बोरेटरमागे का लागायचं?

मालवणात माझं रोजचं काम यामाहा आणि सुझुकीचं. मासेमारीची बंदी लागली की जून-जुलैत गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नसते. हे काम ठराविक असतं: खाऱ्या पाण्याने बुजलेल्या वाटा साफ करायच्या, रबरी इंपेलर बदलायचे, आणि कुजलेला एखादा बोल्ट गॅसवर तापवून, न मोडता बाहेर काढायचा. या शेवटच्या कामाला जो वेळ लागतो त्याचे पैसे कोणी देत नाही. सीगल मात्र क्वचितच बघायला मिळतं. इंग्लंडमध्ये पूल नावाच्या बंदराच्या गावी ही इंजिनं बनायची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने ती वापरली आणि नंतर ती जगभर छोट्या होड्यांवर पोचली. हे ६४ सीसीचं, 'फॉर्टी' जातीचं. वर झाकण नाही, सगळं उघडं. फ्लायव्हीलच्या खाचेत दोरीची गाठ अडकवायची, दोरी गुंडाळायची आणि ओढायची. न्यूट्रल नाही, त्यामुळे इंजिन सुरू झालं की होडी निघालीच. आजोबा मुंबईला बोटीवर कामाला होते, तिथून परत येताना त्यांनी ते विकत आणलं होतं. पितळी टाकी त्यांनी आजवर कोणाला रंगवू दिलेली नाही.

तापल्यावर बंद पडतं म्हणजे माझा पहिला संशय ठिणगी देणाऱ्या कॉइल आणि कंडेन्सरवर. केस वाळवायच्या ड्रायरने कॉइल चांगली गरम केली आणि प्लग बाहेर काढून दोरी मारली. ठिणगी निळी, कडक. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला तरी इंजिन असंच गुदमरून मरतं, पण तो उघडाच होता. मग फ्लायव्हील उतरवलं आणि तिथे खरी गोष्ट दिसली. मॅग्नेटोची, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाची, प्लेट ओली होती. पाणी नव्हे. बोट फिरवून हुंगलं, तर पेट्रोल आणि ऑइल. पॉइंटांवर, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या टोकांवर, काळा चिकट थर बसलेला. या आधीच्या मेकॅनिकनी पॉइंट घासले असणार, ०.०२० इंचाचा गॅप लावला असणार, एक फेरी बरी गेली असणार आणि पुन्हा तेच. ओल आली कुठून, हे कोणी विचारलं नाही.

सीगल टू-स्ट्रोक आहे, आणि टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखालची क्रँककेस, म्हणजे शाफ्टभोवतीची बंद पेटी, हाच पंप असतो. पिस्टन वर गेला की ती पेट्रोल-हवा ओढते, खाली आला की तेच मिश्रण दाबून सिलिंडरमध्ये पाठवते. हा दाब टिकावा म्हणून आजच्या इंजिनात शाफ्टला रबरी ऑइल सील असतात. जुन्या सीगलमध्ये सील नाहीतच. शाफ्ट साध्या ब्राँझच्या बुशमध्ये, म्हणजे नळीसारख्या कड्यात, फिरतो, आणि त्या फटीत बसलेलं ऑइल हेच सील. म्हणून कंपनीने जुन्या इंजिनांना दहाला एक, म्हणजे दहा भाग पेट्रोलमध्ये एक भाग ऑइल मिसळायला सांगितलं होतं.

मी मुलाला विचारलं, "ऑइल किती घालतोस?"

"लिटराक वीस मिली, मेस्त्री. सगळ्यांच्या इंजिनाक तेवढांच घालतत."

म्हणजे पन्नासला एक. यामाहाला बरोबर, याला उपासमार. इंजिन थंड असताना ऑइल घट्ट असतं म्हणून बुशची फट कशीबशी भरते. इंजिन तापलं की ते पातळ होतं, वरच्या बुशमधून मिश्रण फुर्र करून मॅग्नेटोत उडतं, बाहेरची हवा आत येते, दाब जातो आणि इंजिन मरतं. पुन्हा गार झालं की चालू. आजोबा बाहेर बाकावर बसले होते. त्यांनी आतलं बोलणं ऐकलं आणि तिथूनच म्हणाले, "लिटराक शंभर. मी सांगलंय ह्येंका. आयकता कोण?"

गिअरबॉक्सचंही तसंच. त्यातून दुधासारखं पांढरं ऑइल निघालं म्हणून कोणीतरी मुलाला सील शोधायला कुडाळ, गोव्यापर्यंत पाठवलं होतं. या इंजिनाच्या गिअरबॉक्सची रचनाच अशी की त्यात थोडं पाणी शिरतं. १४० नंबरचं जाड ऑइल त्यासाठीच असतं. ते पाण्यात मिसळून मलईसारखं होतं आणि तरीही गिअर सांभाळतं. अधूनमधून बदलत राहायचं, बस. हेही आजोबांना ठाऊक होतं. ऐंशीच्या पुढच्या माणसाला विचारायचं सोडून लोक मोबाइलवर दुसऱ्याच इंजिनाचे व्हिडिओ बघत बसतात, याचा मला खरंच राग येतो.

प्लेट धुतली, पॉइंट साफ करून गॅप लावला, फ्लोट मूळ पातळीवर आणला, टाकी रिकामी करून लिटरला शंभरने भरली. पिंपात अर्धा तास चालवलं, बंद केलं आणि तापलेलं असतानाच दोरी मारली. पहिल्याच ओढीला सुरू. मग कर्ली नदीत होडीवर लावलं. आजोबा स्वतः मागे बसले. सावकाश, जोरकस, ठक-ठक करत होडी ओढणारा तो मोठा पंखा बघून माझं मन भरलं.

पण त्याच वेळी मागे बघितलं, तर निळा धूर आणि पाण्यावर पसरत जाणारा तवंग. टू-स्ट्रोकमध्ये न जळलेल्या मिश्रणाचा बराच भाग एक्झॉस्टमधून बाहेर जातो, आणि इथे एक्झॉस्ट पाण्याखाली. ओहोटी होती, पलीकडे बायका मुळे, म्हणजे शिंपल्या, काढत होत्या. तवंग त्यांच्याच दिशेने चालला होता.

मुलाला या इंजिनावर पर्यटकांना संध्याकाळची फेरी द्यायची आहे. त्याला मी नाही म्हटलं, आणि अजूनही नाहीच म्हणेन. आजोबांनी कधीतरी एखादी फेरी मारणं वेगळं, रोज हंगामभर त्या नदीत एवढं ऑइल ओतणं वेगळं. एका हॉटेलवाल्याने ते पॉलिश करून काउंटरवर ठेवायला मागितलं होतं. तेही मला पटत नाही, चालणारं इंजिन आहे ते.

कंपनीने पुढची इंजिनं पंचवीसला एकवर आणली होती. माझ्या मनात तेच घोळतंय. फॉस्फर ब्राँझचे नवे बुश घट्ट मापाचे कातून घ्यायचे, वरच्या बाजूला जागा करून एक सील बसवायचा. ऑइल कमी म्हणजे त्याच मापात पेट्रोल जास्त, म्हणून पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा कार्बोरेटरचा जेट-नीडलही त्या हिशोबाने बदलायचा. नुसतं ऑइल कमी करून भागत नाही, हे तर आपण बघितलंच. मुलगा तयार आहे. आजोबांना विचारलं, तर म्हणाले, "घट्ट बुश तापान धरतलो." त्यांची भीती खोटी नाही. फट ठेवली तर दाब जातो, नाही ठेवली तर शाफ्ट जॅम होतो, आणि असा शाफ्ट मला पुन्हा कुठून मिळणार? जुने बुश मी अजून काढलेले नाहीत. कुडाळच्या टर्नरला माप द्यायच्या आधी, ज्यांनी सीगलचे बुश कातून बसवलेत त्यांनी शाफ्टला किती क्लिअरन्स, म्हणजे फट, ठेवला आणि पंचवीसला एकवर तो किती हंगाम टिकला, एवढं मला कळायला हवंय.