मुठीच्या पट्ट्या पात्याला पक्क्या बसवताना : माझा अनुभव

मी बनवलेल्या पहिल्या सुरीच्या मुठीची उजवी लाकडी पट्टी एके दिवशी सुरी धुताना अलगद हातात आली. पट्टी तुटलेली नव्हती. इपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग मिसळून वापरायच्या गोंदाचा, सगळा थर लाकडाच्या आतल्या बाजूला काचेच्या पापुद्र्यासारखा शाबूत होता आणि पोलादाची बाजू मात्र धुतलेल्या ताटासारखी कोरी होती. म्हणजे इपॉक्सीने लाकूड पकडले होते, पण पोलादाला ते कधी चिकटलेच नव्हते. पात्याचा मुठीत जाणारा भाग, ज्याला टँग म्हणतात, तो मी त्या वेळी मोठ्या हौसेने चकाकेपर्यंत घासला होता. कोणाला न दिसणारी जागा चकचकीत करण्याची ही हौस मला महागात पडली.

पट्ट्या पुन्हा बसवण्यापूर्वी मी टाकाऊ लोखंडी पट्टीवर लाकडाचे दोन तुकडे चिकटवून पाहिले. एका तुकड्याखालचे लोखंड गुळगुळीत ठेवले. दुसऱ्याखालचे ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवे-तिडवे ओरखडून, ॲसिटोनने पुसून, नंतर बोटाचा स्पर्शही होऊ न देता वापरले. दुसऱ्या दिवशी सांध्यात पटाशी घालून हलकेच ठोकल्यावर पहिला तुकडा टक्कन उडाला. दुसरा निघाला तो स्वतः फाटून, आणि त्याचे तंतू लोखंडावरच राहिले. इपॉक्सी कोणते घ्यावे यावर मी जितका वेळ घालवला होता, त्याच्या निम्मा वेळ जरी आधी या तयारीवर घालवला असता तरी पुरले असते.

तरीही केवळ इपॉक्सीवर विसंबायचे नाही, असे मी ठरवले. लाकूड ओलावा शोषून रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि वाळल्यावर आकसते, पोलाद मात्र पाण्याने फुगत नाही. त्यामुळे सुरी दर वेळी धुताना सांध्यावर थोडा ताण येतो. इपॉक्सी सरळ ओढ चांगली सोसते, परंतु कडेपासून सोलल्यासारखी ओढ किंवा सुरी हातातून पडल्याचा दणका त्याला तितकासा सोसत नाही. पट्ट्या आणि टँग यांच्या आरपार धातूची पिन घातली की पट्टी सरकत नाही. पण नुसती सरळ, गुळगुळीत पिन पट्टीला वर उचलली जाण्यापासून फारसे रोखत नाही. त्यासाठी पिनेचे डोके ठोकून पसरवावे लागते किंवा कोर्बी बोल्ट वापरावे लागतात. या बोल्टचे दोन भाग एकमेकांत पिळले जातात आणि त्यांची रुंद डोकी दोन्ही पट्ट्या टँगवर आवळून धरतात. मला ते मनापासून आवडले होते. मात्र माझ्या मुठीचा पुढचा भाग निमुळता होता, आणि त्याला आकार देताना बोल्टचे डोके घासून गेले असते तर उरलेल्या दांड्याने काहीच धरले नसते. म्हणून मी इपॉक्सी आणि ठोकून पसरवलेल्या ५ मिमी जाडीच्या दोन पितळी पिना, असा मार्ग निवडला.

आता अडचण भोकांची होती. ती पात्याला पाणी देण्यापूर्वीच, म्हणजे ते तापवून विझवून कडक करण्यापूर्वीच, पाडायची असतात, आणि मी तर पहिल्या वेळी पाडलीच नव्हती. कडक झालेल्या पोलादावर साधे ड्रिल फिरत राहिले आणि नुसता एक चकाकता ठिपका उमटला. टँग तापवून मऊ करता आली असती, पण उष्णता धारेकडे सरकली की पात्याचे पाणी उतरते, म्हणून मी कार्बाइडचे, म्हणजे कडक पोलादाहूनही कठीण असलेले, ड्रिल आणले. ते ठिसूळ असते हे मला ठाऊक होते. तरी एकाचे तुकडे करूनच माझा हात स्थिर झाला.

पिना ठोकण्याचा सराव टाकाऊ तुकड्यावर केला, ते बरे झाले. पिनेचे टोक जवळजवळ ४ मिमी बाहेर ठेवून मी जड हातोडी मारली. पितळ वर पसरण्याऐवजी भोकातच फुगले आणि लाकूड टोकापर्यंत उभे चिरले. नंतर टोक जेमतेम दीड मिमी ठेवले, भोकाची कड किंचित रुंदावली आणि छोट्या हातोडीने पिनेच्या कडेकडेने गोल टिचक्या मारल्या, तेव्हा पितळ त्या खळग्यात व्यवस्थित बसले.

प्रत्यक्ष चिकटवण्याआधी पट्ट्यांची पुढची, पात्याकडची टोके घासून पूर्ण केली, कारण नंतर तेथे कानस लावली तर पात्यावर ओरखडे पडतात. इपॉक्सी पाच मिनिटांत घट्ट होणारे न घेता सावकाश वाळणारे घेतले. क्लॅम्प मात्र कडेने इपॉक्सीची बारीक रेघ बाहेर येईपर्यंतच आवळले. सर्व शक्तीनिशी आवळल्यास सगळे इपॉक्सी बाहेर पडून सांधा कोरडा राहतो. पाते आणि पट्टी यांच्या कोपऱ्यात आलेले थेंब ते ओले असतानाच ॲसिटोनच्या बोळ्याने पुसले. पूर्ण एक दिवस वाळू दिल्यानंतर पिना ठोकल्या. ओल्या इपॉक्सीवर ठोकणारेही आहेत, पण माझ्या हाताखाली पट्ट्या घसरतात.

शेवटी मूठ घासताना घाई केली. पितळ लवकर तापते आणि ती उष्णता भोकातल्या इपॉक्सीपर्यंत पोहोचून ते मऊ करू शकते. म्हणून दर काही फटक्यांनंतर पिनेवर बोट टेकवून पाहायचे असते. मागच्या पिनेच्या वेळी मी ते विसरलो. तिच्याभोवती लाकूड करपल्याची केसाएवढी काळी कड आजही दिसते. सांध्यावरून नख फिरवले तर मात्र ते कुठेही अडकत नाही.