तुम्ही विचारलंत म्हणून : कंपनीचे पैसे का घेत नाही?

आमची संस्था चाकणला देणग्यांवर महिलांचा शिवणवर्ग चालवते. इथं राहून हा प्रश्न चुकत नाही. "दारात एवढी एमआयडीसी, आणि तुम्ही पावतीपुस्तक घेऊन फिरता? सीएसआर का घेत नाही?" सीएसआर म्हणजे कंपन्यांनी समाजाच्या कामासाठी द्यायचे पैसे. ग्रामपंचायतीत विचारतात, लग्नात विचारतात, सख्खा भाऊ दर दिवाळीला विचारतो. मी आजवर "नाही जमलं" एवढंच म्हणत आले. ते अर्धंच खरं आहे. आम्ही एकदा घेतले होते.

२०१४ मध्ये सीएसआरचा कायदा लागू झाला तेव्हा मला फार आनंद झाला होता. मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्चायचे, कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं, आणि कामांच्या यादीत रोजगाराची कौशल्यं शिकवणं स्पष्ट लिहिलेलं. "आता वर्गाच्या भाड्याची चिंता मिटली," असं मी विश्वस्तांना सांगितलं होतं. तो कायदा मला आजही चांगलाच वाटतो. त्यामुळे 'कंपन्या वाईट' हे वाक्य माझ्या तोंडी घालू नका.

२०२२ च्या फेब्रुवारीत, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, एका कंपनीतून फोन आला. थोडी रक्कम शिल्लक आहे, ३१ मार्चच्या आत नव्वद महिलांना शिवणकाम शिकवाल का? आदल्या वर्षी नियम बदलले होते. न खर्चलेले पैसे आता कारण देऊन सोडून देता येत नव्हते. आमचा वर्ग चार महिन्यांचा. मी हो म्हटलं.

पंधरा नवीन मशीन आली. तीस जणींची एक तुकडी, अशा तीन. एका मशीनवर दोघी. एक पायडल मारणार, दुसरी बघणार. शिक्षिकांचा पगार पुरेसा धरा म्हटलं तर "मॅडम, प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे" असं उत्तर मिळालं. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थेच्या खर्चाला असते, शिकवणाऱ्या बाईच्या पगाराला नाही. मला हे माहीत होतं. तरी गप्प बसले, कारण मशीन हवी होती. मार्च संपायच्या आत मंडप, फलक, फोटो आणि नव्वद प्रमाणपत्रं झाली.

जूनमध्ये त्यातली एक जण आली. परभणीकडची, नवरा कंत्राटी कामगार, खराबवाडीत एका खोलीत संसार. प्रमाणपत्र दाखवून तिनं शेजारणीकडून लग्नाचा ब्लाउज शिवायला घेतला होता. अस्तराचा, महागाचं कापड. तो तिनं माझ्या टेबलावर पसरला. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, खोल गेला होता. मुंढा लहान कापला गेला तर पुन्हा कापता येतो. खोल गेला की कापड परत येत नाही. तिनं सगळं उसवून, जोड लावून, पुन्हा टीप मारून पाहिलं होतं. सुईच्या भोकांनी कापड चाळणीसारखं झालं होतं. शेजारणीला कापडाचे सातशे रुपये भरून द्यावे लागले, आणि गल्लीत नाव गेलं ते वेगळंच.

"ताई, हा कागद घ्या माघारी," ती म्हणाली. "ह्याच्या भरवशावर मी कात्री लावली."

तिची काही चूक नव्हती. मुंढा आम्ही त्या तुकडीला वर्तमानपत्रावर एकदाच कापून दाखवला होता. एरवी त्यावर पंधरा दिवस जातात. त्या प्रमाणपत्रावर कंपनीच्या बोधचिन्हाखाली सही माझी होती.

तेव्हापासून बंद केलं.

आता माझंच मला खोडून काढते. कायद्यात वाट होती. काम 'चालू प्रकल्प' म्हणून धरलं असतं, तर रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढची तीन वर्षं सावकाश वापरता आली असती. मी ते सुचवलंही नाही. नव्वदऐवजी वीस जणींना नीट शिकवते, असं म्हणायची हिंमत झाली नाही. म्हटलं असतं तर कदाचित त्यांनी मानलंही असतं. मग राग कंपनीवर का धरते? थोडा धरतेच. आकडा त्यांनी मागितला होता, आणि वर्गात बसून एक तासही पाहिलं नव्हतं. मात्र हो मी म्हटलं होतं.

आणि नकाराची किंमत मी भरत नाही. त्या पंधरा मशीनवर आजही आमचा वर्ग चालतो, पण पगार आणि भाडं देणग्यांतून निघतं, म्हणून एका वेळी चौदाच जणी घेता येतात. परवा एक जण सरळ म्हणाली, "ताई, तुमच्या तत्त्वापायी माझा नंबर लागंना." मी म्हटलं, नीट शिकशील. ती म्हणाली, "शिकीन कधी?" मला उत्तर देता आलं नाही.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका कंपनीचं पत्र आलं आहे. मी तीन वर्षांचा करार मागितला, चार महिन्यांची तुकडी, शिक्षिकेला पूर्ण पगार, आणि मोजायचं असेल तर सहा महिन्यांनी कोण किती कमावते ते मोजा, असं लिहिलं. त्यांनी विचारलं आहे, पहिल्या वर्षी किती महिला? प्रतीक्षायादीत एकतीस नावं आहेत. मी अजून आकडा कळवलेला नाही.