मुलीच्या मानाने

जानेवारी १९९६. दहावीची पूर्वपरीक्षा तोंडावर आली होती आणि मी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेतून हात हलवत परतले होते. परीक्षकांचा शेरा होता, ‘मुलीच्या मानाने आवाज भरडा.’ आमच्या इंग्रजीच्या सरांनी तो वाचला आणि काहीच बोलले नाहीत. काही दिवसांनी मात्र धडा बाजूला ठेवून त्यांनी नुकत्याच वारलेल्या एका अमेरिकन वकीलबाईंची गोष्ट सांगितली. बार्बरा जॉर्डन.

टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टनच्या कृष्णवर्णीय वस्तीतली ही मुलगी. तिच्या शाळेत शिकागोच्या वकील एडिथ सॅम्पसन बोलायला आल्या आणि हिने ठरवलं, वकीलच व्हायचं. बॉस्टनहून १९५९ साली कायद्याची पदवी घेतली. पुढे ह्यूस्टनला वकिली सुरू केली ती आईवडिलांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. १९६२ आणि १९६४ मध्ये टेक्सासच्या विधानसभेला उभ्या राहिल्या, दोन्ही वेळा पडल्या. का पडल्या, ते सरांनी फळ्यावर चौकोन काढून दाखवलं: अख्ख्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, एकच मतदारसंघ, त्यात कृष्णवर्णीयांची मतं विरून जायची. न्यायालयाच्या निकालांमुळे मतदारसंघ नव्याने आखले गेले आणि १९६६ साली बाई टेक्सासच्या सिनेटवर, म्हणजे वरच्या सभागृहावर, गेल्या. १८८३ नंतर तिथे कुणी कृष्णवर्णीय बसलंच नव्हतं! आज कोर्टात उभी राहताना मला तो फळा हटकून आठवतो. माणूस तोच, मतदारही तेच, फक्त रेषा बदलली होती.

१९७२ मध्ये त्या अमेरिकेच्या संसदेवर निवडून गेल्या. २५ जुलै १९७४ रोजी, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावरच्या महाभियोगाची चर्चा सुरू असताना, त्या संसदेच्या न्यायविषयक समितीत बोलल्या. राज्यघटनेची सुरुवात ‘आम्ही लोक’ अशी आहे, पण १७८७ साली त्या ‘आम्ही’मध्ये मी नव्हते, दुरुस्त्यांनी आणि न्यायनिवाड्यांनी मला आत घेतलं, असं त्यांनी सांगितलं. आणि त्याच घटनेवर आपला संपूर्ण विश्वास आहे, असंही. पुढे मी ते भाषण ऐकलं. खर्जातला, जड, सावकाश आवाज. एकेक शब्द ठेवल्यासारखा. राज्यघटनेवर इतकं नेमकं बोललेलं मी दुसरं ऐकलेलं नाही.

१९७९ मध्ये संसद सोडून त्या ऑस्टिनच्या विद्यापीठात शिकवायला लागल्या. आजाराने पुढे चाकाची खुर्ची आली, तरी शेवटपर्यंत शिकवत राहिल्या. हे सांगताना सर थोडे थांबले होते.

मग त्यांनी नागरिकशास्त्राचं पुस्तक माझ्या हातात दिलं, उद्देशिकेचं पान उघडून. ‘वाच. तुझ्याच आवाजात वाच.’

‘आम्ही, भारताचे लोक...’ मी वाचलं. शेजारच्या वर्गापर्यंत ऐकू गेलं.