तुम्ही विचारलंत म्हणून: सोललेलं नाणं मी मांडतोच कशाला?

नागपुरात नाण्यांचं प्रदर्शन कुठेही असो, माझ्या टेबलाशी थांबलेला माणूस हेच विचारतो. बिटकॉइनचं पितळी नाणं, मागचा होलोग्राम सोललेला, आत छदाम नाही. मग हे काचेखाली कशाला? डिसेंबर २०२४ मध्ये एका बिटकॉइनचा भाव लाख डॉलरच्या वर गेला. तेव्हापासून लोक आधी मनात हिशेब करतात आणि मग माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. म्हणून एकदाच नीट सांगतो.

शाबूत होलोग्रामची किंमत मला माहीत आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यात माइक कॅल्डवेल यांनी २०११ पासून ही कॅसेशियस नाणी केली. होलोग्रामखाली गोल कागद, त्यावर गुप्त किल्ली, म्हणजे अक्षरांची एक ओळ. ती जो वाचेल तो त्या नाण्याचं इंटरनेटवरचं बिटकॉइन खर्च करू शकतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथल्या अर्थखात्याच्या, आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणाऱ्या फिनसेन विभागाचं पत्र आलं आणि बिटकॉइन भरलेली नाणी विकणं त्यांनी बंद केलं. त्यामुळे न सोललेलं नाणं आतल्या बिटकॉइनपेक्षाही चढ्या भावानं जातं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातही असं नाणं आहे. होलोग्राम गेला की नाणं मेलं, असं त्या काळी मीच सगळ्यांना सांगत फिरायचो.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाबांना रामदासपेठेतल्या एका इस्पितळात भरती केलं. बायपास ठरली. पहाटेच्या आत भरायच्या रकमेत थोडे पैसे कमी पडत होते आणि बँक सोमवारशिवाय उघडणार नव्हती. नाणं मला मावसभावानं भेट दिलं होतं, तो न्यू जर्सीला असतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "फोटो पाठवू नको, कोणाच्या हाती लागला तर संपलं. वाचून सांग."

आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून मी नखानं होलोग्रामची कड उचलली. चंदेरी पापुद्रा निघाला आणि पितळेवर मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी उरली. परत चिकटवून कोणाला फसवता येऊ नये म्हणून ती सोय असते. खालचा कागद नखाएवढा, अक्षरं मुंगीएवढी. 'एस'पासून सुरुवात केली. प्रत्येक अक्षराला भाऊ विचारायचा, "कॅपिटल की स्मॉल?" एका ठिकाणी मी शून्य म्हणालो, तर तो म्हणाला, "शून्य नसतेच त्यात, नीट बघ." चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बाजूला एक बाई नवऱ्याच्या रिपोर्टची फाइल छातीशी धरून बसली होती. मी इंग्रजी मुळाक्षरं काहून म्हणून राहिलो, हे तिला कळत नव्हतं. थोड्या वेळानं भाऊ म्हणाला, "आले." त्याच्या इथल्या खात्यातून त्यानं इस्पितळाला रुपये पाठवले. रक्कम पन्नास हजारांच्या आतलीच होती. पण तेवढीच कमी होती.

बाबा बरे होऊन महालातल्या घरी आले. भिंग मागून घेतलं, नाणं उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाले, "माझे रुपये होते ना घरात. ते विकायचे होते." भोसल्यांचे रुपये त्यांनी इतवारीच्या सराफ्यात हिंडून, वितळायला निघालेल्या चांदीतून वेचून आणले होते. रात्री ते कोणाला विकणार होतो, असं मी म्हणालो. ते खरंच होतं. पण दिवसाढवळ्या वेळ असता तरी मी ते विकले नसते, हे त्यांना सांगितलं नाही. पुढे ते असेपर्यंत हा विषय निघाला नाही.

आता त्या रुपयांकडेच बघा. बादशहाच्या नावानं पाडलेल्या त्या चांदीवर सराफांचे ठोके आहेत. चांदी खरी की खोटी, ते बघायला कोणीतरी ठोकून पाहिली होती. लिलावात अशा ठोक्यांनी भाव पडतो, तरी मला ते ठोके हवेत, कारण ते नाणं बाजारात चालल्याचा पुरावा आहेत. पोळ्याची नक्षी मला तशीच वाटते. शाबूत होलोग्रामचं नाणं कधी खर्चच झालं नाही. माझं झालं. नाण्यावर दिसणाऱ्या आठ अक्षरांवरून त्याच्या बिटकॉइनचा पूर्ण पत्ता, म्हणजे खातेक्रमांकासारखी खूण, सापडतो आणि त्या पत्त्यावरून बिटकॉइन कोणत्या तारखेला, किती वाजता निघालं ते ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांच्या उघड्या वहीत, आजही कोणीही बघू शकतो.

यावर आमच्यातले एक ज्येष्ठ संग्राहक म्हणाले, "हातोहात फिरलं कुठे ते? एकदा उघडलं, संपलं. हे तर फोडलेलं पाकीट." मला उत्तर सुचलं नाही, अजूनही पटेल असं सुचलेलं नाही. राज्याचा शिक्का नाही म्हणून हे नाणंच नव्हे, असं म्हणणाऱ्यांशी मी तासभर भांडू शकतो. यांच्याशी नाही.

यंदा आयोजकांनी चिठ्ठीवर 'रिकामे' असं लिहायला सांगितलं आहे. मी 'खर्च झालेले' असं लिहून दिलं आहे. त्यांचा निरोप यायचा आहे.