सड्यावरच्या घरात सोलर: माझा अनुभव

आमचं घर दापोली तालुक्यात, सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळी पठारावर. विजेचा शेवटचा खांब खालच्या वाडीत. तिथून वर लाइन ओढायचा खर्च ऐकला आणि सोलरच करायचं ठरलं. घरच्या सोलरसाठी असलेल्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान मात्र ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेल्या घरांनाच मिळतं; आमच्याकडे मीटरच नाही, म्हणजे तो विषय संपला. ठाण्याच्या मावसभावाने 3 किलोवॅट बसवून 78 हजारांचं अनुदान घेतलं. (लाइन गेली की त्याचाही पंखा बंद पडतो बरं का. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर सुरक्षेसाठी तसाच बनवलेला असतो.)

दुकानदार आधी पॅनल दाखवतात. मी आधी वही घेऊन बसलो. साधा पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा 30च्या आत. तीन पंखे बदलायचा खर्च जास्तीच्या बॅटरीपेक्षा कितीतरी कमी. बल्ब 9 वॅटचे, टीव्ही, मोबाइल, आणि एका दाराचा छोटा फ्रिज. सगळं मिळून दिवसाला अडीच युनिटच्या आत बसलं. इस्त्री आणि गीझर यादीतून बाद. आंघोळीचं पाणी आमच्याकडे अजून बंबावरच तापतं. आई म्हणाली, "मिक्सर चालेल का तेवढं सांग, बाकी तुझं गणित तू बघ." मिक्सर 500 वॅटचा, पण वाटण पाच मिनिटांचं. युनिटमध्ये ते नगण्य. फक्त इन्व्हर्टरला तेवढा भार पेलला पाहिजे.

150 एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या, म्हणजे लेड-अ‍ॅसिडचाच एक प्रकार, 12-12 व्होल्टच्या जोडून 24 व्होल्टला. कागदावर 3.6 युनिट, पण लेड-अ‍ॅसिड अर्ध्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे हातात 1.8. रात्रीचे पंखे आणि फ्रिज त्यात निघतात. लिथियम घ्यायची इच्छा होती, खिसा नव्हता.

पॅनल 540 वॅटची दोन, आणि खरी घासाघीस झाली ती चार्ज कंट्रोलरवर, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीत नीट भरणाऱ्या यंत्रावर. त्याचे दोन प्रकार, पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी. दुकानदार स्वस्तातला पीडब्ल्यूएम पुढे करत होता. या पॅनलचा व्होल्टेज भर उन्हात साधारण 41, आणि बॅटरी चार्ज होते 28च्या आसपास. पीडब्ल्यूएम पॅनललाच खाली ओढून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा वाया. एमपीपीटी तो फरक करंटमध्ये बदलून वापरात आणतो. वाचलेले पैसे दोन-तीन हजार आणि रोजचं नुकसान कायमचं, असला सौदा कोण करेल? एमपीपीटीच घेतला.

कौलांवर पॅनल चढवायचे नाहीत, हे घरात कुणाला सांगावं लागलं नाही. 3 जून 2020च्या निसर्ग वादळात इथली छपरंच्या छपरं उडालेली सगळ्यांनी पाहिली आहेत. खळ्याच्या कडेला काँक्रीटचे पाये घालून गॅल्व्हनाइज्ड सांगाडा उभा केला, दक्षिणेकडे तोंड, 18 अंशांच्या आसपास उतार. खाऱ्या हवेत साध्या लोखंडाचा भुगा होतो. जवळच्या माडाची झावळी दुपारी एका पॅनलवर सावली टाकायची. एका कोपऱ्यातल्या सावलीनेही पॅनलची वीज धाडकन पडते, म्हणून ती झावळी उतरवली. दोन्ही पॅनल समांतर जोडलेत, एक झाकला तरी दुसरा अडत नाही. माकडांवर मात्र उपाय सापडलेला नाही. ती पॅनलवर बसून ऊन खातात.

एरवी चार युनिटपर्यंत वीज बनते. जुलैत झड लागली की एकावर येते, कधी त्याच्याही खाली. तेव्हा फ्रिज बंद, आणि मासे आणले त्याच दिवशी संपवायचे. पंख्यांची तशीही गरज नसते. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घालायचं आणि पॅनल फडक्याने पुसायचे, एवढीच उस्तवार.

वायरिंग, अर्थिंग, सांगाडा धरून सगळं मिळून लाखाच्या आत निभावलं. दाराशी खांब असलेल्याने यात पडू नये असं माझं स्पष्ट मत. बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्याच लागतात, आणि हिशेबात तो खर्च कुणी धरत नाही.

विहिरीवरचा पंप अजून रॉकेलवरच आहे. एक एचपीची मोटर सुरू होताना जो झटका घेते, तो आमच्या इन्व्हर्टरला झेपणारा नाही. भावाला पंपासाठी वेगळे पॅनल हवेत. मी म्हणतो, मे महिन्यात पाणी तळाला जातं, आधी विहिरीतला गाळ काढू. यावर अजून घरात एकमत नाही.