तुम्ही विचारलंत म्हणून: नवीन ऑटोकॅड टाकलं की तुमचं टूल का बंद पडतं?

ऑटोकॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, त्यात जोडायची टूलं मी लिहून देतो. वडोदऱ्यातल्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) कुठल्याही ड्रॉइंग ऑफिसात गेलो की हा प्रश्न ठरलेला, आणि त्याच्या मागोमाग दुसरा, एकदा पैसे दिलेत तर आता परत कशाचे. फोनवर घाईत सांगितलेलं कुणाला पटत नाही, म्हणून आज नीट लिहितोय.

फाईल तर उघडते मग टूल का चालत नाही, हा तुमचा मुद्दा. फाईल उघडते कारण डीडब्ल्यूजीचा, म्हणजे ऑटोकॅडच्या ड्रॉइंग फाईलचा, फॉरमॅट 2018 च्या व्हर्जनला बदलला आणि 2025 पर्यंत तोच आहे. पण माझं टूल म्हणजे फाईल नव्हे, ते ऑटोकॅडच्या आत बसून चालतं, आणि आतली व्यवस्था 2025 मध्ये बदलली. टूल ज्याच्या आधाराने चालतं ते मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट, 2024 पर्यंत त्याचं फ्रेमवर्क 4.8 होतं, 2025 मध्ये डॉट नेट 8 आलं. जुनं फ्रेमवर्क पुढे वाढणार नव्हतंच, त्यामुळे हे कधीतरी होणारच होतं, याचा दोष मी कुणालाच देत नाही. फक्त तो माझ्याही माथी मारू नका.

आणि हो, पैसे घेतो. नवीन डीएलएल, म्हणजे टूलची प्रोग्रॅम फाईल, बनवायला फार वेळ लागत नाही हेही खरंय, लागतो तो तपासायला. आठ होलचा फ्लँज, म्हणजे पाईप बोल्टने जोडायची गोल चकती, घ्या, होल सेंटरलाईनवर यायला नकोत, दोन्ही बाजूंना सारखे पडायला हवेत, म्हणजे पहिलं होल साडेबावीस अंशावर. तो कोन चुकून शून्य धरला गेला तर ड्रॉइंग दिसायला छान दिसतं आणि साईटवर पाईपचा फ्लँज बसत नाही. वजनाचंही तसंच, 1000 बाय 1000 ची 10 एमएम स्टील प्लेट 78.5 किलोच आली पाहिजे. म्हणून प्रत्येक कमांड जुन्या ड्रॉइंगवर परत चालवून बघावी लागते, आणि ते काम मी फुकट करणार नाही.

आता जे मनात बसलंय ते सांगतो. एका प्रेशर व्हेसलवाल्या, म्हणजे दाब सहन करणाऱ्या टाक्या बनवणाऱ्या, कारखान्यात नवीन मशीनं आली, कॉम्प्युटरवाल्याने परस्पर 2025 टाकून दिलं. व्हर्जन बदलण्याआधी मला विचारा असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर येणार आणि टूल काही चालेना. मी पोचलो तर सगळी पोरं उभी, आणि त्या सगळ्यांसमोर शेठ म्हणाले, "तें अंदर तारीख नाखी छे ने?" म्हणजे मी आत तारीख टाकून ठेवली, ठरल्या दिवशी टूल आपोआप बंद पडेल आणि त्यांना परत माझ्याकडेच यावं लागेल. जन्म वडोदऱ्यातला आहे माझा, गुजरातीत भांडायला शब्द कमी नव्हते, पण त्या क्षणी तोंडातून एक शब्द फुटला नाही.

वर शेठचं आणखी एक, आमच्या प्लेटांची सगळी माहिती तुझ्या टूलमध्ये अडकलीये. ते मात्र मी ऐकून घेतलं नाही. ज्या मशीनवर माझं काहीच लोड होत नव्हतं तिथेच बसलो, कमांड लाईनवर लिस्पची, म्हणजे ऑटोकॅडच्या स्वतःच्या ऑटोलिस्प भाषेची, एकच ओळ टाकली, निवडलेल्या वस्तूची माहिती दाखवणाऱ्या एन्टगेटची, आणि शेलच्या, म्हणजे टाकीच्या अंगाच्या, प्लेटवर क्लिक केलं. खाली सगळं आलं, जाडी 12, मटेरियल एसए 516 ग्रेड 70, स्टीलच्या बॅचच्या हीट नंबरसकट. ही माहिती मी एक्सडेटा म्हणून त्या त्या प्लेटलाच चिकटवून ठेवतो, ती ड्रॉइंगबरोबर जाते, मी असो नसो. त्यांचे हेड ड्राफ्ट्समन काका मराठीच, ते वाकून बघत म्हणाले, "अहो, हे तर सगळं इथेच आहे की." शेठनी पाहिलं, आणि म्हणाले, चालू कधी होईल ते बोल.

त्यांच्या सबस्क्रिप्शनवर 2024 मिळत होतं, ते दोन मशीनवर परत टाकलं, फॉरमॅट तोच असल्याने ड्रॉइंग उघडली, टूल चाललं, इन्स्पेक्टरचं काम झालं. पुढे 2025 च्या डीएलएलचे पैसेही दिले, वेळेवर. पण तारखेचं बोललेलं मागे घेतलं नाही. मी अजूनही तिथे जातो.

आणि खरं सांगायचं तर तारीख टाकणारे लोक असतात. पार्टी पैसे बुडवते म्हणून टाकतात, माझेही बुडलेत, आणि तेव्हा माझ्याही मनात आलं होतं. टाकली नाही. म्हणून तर ते वाक्य इतकं लागलं.

पूर्वीचा मी आज समोर असता तर मला म्हणाला असता, अरे सगळं ऑटोलिस्पमध्येच ठेवायचं होतंस ना. त्याचं चूक नाही. ऑटोलिस्प 1986 पासून आहे, माझ्या जुन्यात जुन्या लिस्प फाईली 2025 मध्येही चालल्या, आणि 2024 पासून तर एलटी या ऑटोकॅडच्या स्वस्त आवृत्तीतही लिस्प चालतं. व्हीबीए या मायक्रोसॉफ्टच्या भाषेत टूलं लिहिणाऱ्यांचं बघा, 2010 पासून ते व्हीबीए वेगळं डाउनलोड करावं लागतं. पण मी त्याला म्हणेन, बाबा, तुझ्या त्या डीसीएलच्या, म्हणजे लिस्पसाठी खिडक्या बनवायच्या भाषेच्या, डायलॉगमध्ये साधं एक्सेलसारखं टेबल येत नाही, आणि पन्नास नोझलचं, म्हणजे टाकीला पाईप जोडायच्या तोंडांचं, शेड्यूल पोरांनी एकेक ओळ निवडून भरायचं का? म्हणून डॉट नेटवर चालणाऱ्या सी शार्प भाषेकडे गेलो. तो म्हणेल, मग भोग. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि त्याच्याकडे टेबल नाही.

सध्या ती नोझल शेड्यूलची कमांड परत लिस्पमध्ये लिहायला घेतलीये. अर्ध्यावर आलोय आणि वाटतंय की हिच्यासाठी सी शार्पच बरं होतं.